बायांचं पुराण

वसंत कानेटकरांचं ‘हिमालयाची सावली’ १९७२ साली रंगभूमीवर आलं. नानासाहेब भानू म्हणजे धोंडो केशव कर्वे आणि शांता जोग यांनी उभी केलेली बयो म्हणजे त्यांच्या पत्नी आनंदीबाई, हे प्रेक्षकांनी लगेच ओळखलं. खऱ्या आनंदीबाईंना घरात सगळे ‘बाया’ म्हणत. नवरा महर्षी झाला. बाया बहुतेकांना माहीत आहेत त्या या नाटकामुळेच.

माहेरच्या त्या देवरुखच्या गोदूबाई जोशी. लहानपणी लग्न झालं आणि काही महिन्यांतच कपाळ पांढरं झालं. पुढची कितीतरी वर्षं सासरी राबण्यात गेली. विशी उलटल्यावर भाऊ नरहरपंत त्यांना मुंबईला घेऊन आला. नरहरपंत आणि कर्वे यांचं बिऱ्हाड एकत्र होतं, त्यामुळे कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई आणि गोदूबाई एका घरात वावरल्या. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी शारदासदन काढलं, तेव्हा तिथे शिकायला आलेली पहिली विधवा गोदूबाईच.

राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला पुण्याला आले. गोदूबाईंचे वडील कर्व्यांना म्हणाले, पुन्हा लग्न करा. करीन तर विधवेशीच, असं कर्व्यांनी सांगितलं आणि थेट त्यांच्याच मुलीला मागणी घातली. शारदासदन उघडल्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, ११ मार्च १८९३ रोजी, हे लग्न पुण्यात लागलं.

कर्व्यांच्या गावाने, मुरूडने, ते सहन केलं नाही. गावाने सभा भरवून ठराव केले: कर्व्यांसोबत एका बैठकीवर कोणी बसायचं नाही, भावाने त्यांना घरात ठेवून घेतलं तर त्यालाही वाळीत टाकायचं. ज्या घरात नव्या सुनेचं स्वागत व्हायचं, त्या घरावरच बहिष्काराची टांगती तलवार आली.

खरी कसोटी मात्र पुण्यात लागली. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. कॉलेज संपलं की कर्वे खांद्यावर सामान घेऊन माळरानातून पायी आश्रम गाठत, आणि पुण्यातलं घर, मुलं, दुखणीखुपणी बायांच्या अंगावर. पुनर्विवाहितेचा वावर आश्रमात दिसला तर सनातनी मंडळी मुली पाठवणार नाहीत, मदतही आखडतील, अशी भीती होती. म्हणून बायांनी आश्रमापासून लांबच राहायचं ठरलं. विधवेशी लग्न करून दाखवणाऱ्या माणसाच्या संस्थेत त्याच्या बायकोलाच मज्जाव, हा व्यवहार समजण्यासारखा आहे. न्याय्य म्हणवत नाही. त्यात कर्व्यांनी पाच हजारांची विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. बायांना ते मुळीच पटलं नाही. उद्या माझ्या पोरांनी काय करायचं, हा त्यांचा सवाल होता आणि तो रास्तच होता.

पण बाया कुरकुर करत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि पुण्यात बाळंतपणं करून संसाराला हातभार लावला. ज्या आश्रमाची दारं त्यांना बंद होती, त्याच आश्रमासाठी त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले गावोगाव निधी गोळा करत फिरली, पुढे अमेरिकेपर्यंत गेली. पार्वतीबाईंनी पुनर्विवाह केला नव्हता, म्हणून त्या चालल्या.

राधाबाईंचा रघुनाथ बायांच्याच घरात होता. संततिनियमनाचा प्रचार करणारे, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवणारे र. धों. कर्वे ते हेच. बायांचा शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेला, दिनकर फर्ग्युसनचा प्राचार्य झाला, भास्कर आणि त्याची पत्नी कावेरीबाई हिंगण्याच्या संस्थेत राबले. दिनकररावांची पत्नी म्हणजे ‘युगान्त’च्या लेखिका इरावती. एवढी आपापल्या मतांची माणसं एका कुटुंबात होती. वादाला तोटा नसणार.

म्हातारपणी बायांनी आपली हकिगत सांगितली आणि कावेरीबाईंनी ती संपादित केली. ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं. १९५० मध्ये बाया गेल्या. त्यानंतर आठ वर्षांनी, वयाची शंभरी गाठल्यावर, कर्व्यांना भारतरत्न मिळालं. कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ वाचणाऱ्याने ‘माझे पुराण’ही जरूर वाचावं. संस्था उभी राहत असताना घर कशावर चालत होतं, याचा हिशेब तिथे आहे.