जुना इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन घेताय? आधी तपासा ‘हे’ तीन व्होल्टेज

अहिल्यानगर : जपानमधल्या लिलावाच्या साइटवर 40 वर्षांपूर्वीचा ‘स्टॅक्स’ हेडफोन दिसला की ऑडिओच्या शौकिनांना मोह होतोच. पण हा हेडफोन मोबाइलला जोडून चालत नाही. त्याच्यासोबत आलेलं जपानी मशीन घरातल्या सॉकेटमध्ये थेट लावलं, तर पैसे आणि मशीन दोन्ही जातात. म्हणून ब्रँड आणि किंमत पाहण्याआधी हे समजून घ्या.

हा हेडफोन वेगळा कसा?

नेहमीच्या हेडफोनमध्ये चुंबक आणि तारेची कॉइल असते. इथे दोन्ही नसतात. धातूच्या दोन जाळ्यांच्या मध्ये काही मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ पडदा ताणलेला असतो. त्याच्यावर कायम विद्युत प्रभार असतो. गाण्याचा सिग्नल जाळ्यांवर आला की एक जाळी पडद्याला ओढते, दुसरी ढकलते. बारावीच्या भौतिकशास्त्रातलं आकर्षण-प्रतिकर्षण ते हेच. पडदा हलका असल्याने आवाजातले बारकावे स्पष्ट ऐकू येतात.

‘स्टॅक्स’चा पहिला असा हेडफोन, एसआर-1, 1960 मध्ये बाजारात आला. अमेरिकेच्या ‘कॉस’ने 1968 मध्ये ईएसपी-6 आणला, तर 1991 मध्ये जर्मनीच्या ‘सेनहायझर’चा ‘ऑर्फियस’ आला.

कोणते तीन व्होल्टेज?

1. भिंतीतलं : जपानमध्ये 100 व्होल्ट, आपल्याकडे 230. मशीनच्या मागची पट्टी वाचा. 100 व्होल्टचं मशीन असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो 100 व्होल्टचाच घ्या. 110 व्होल्टचा घेतला तर मशीनला कायम 10 टक्के जादा दाब मिळतो.

2. बायसचं : पडद्यावर प्रभार ठेवणारा हा डीसी दाब. जुन्या ‘नॉर्मल’ स्टॅक्सला 230 व्होल्ट, नंतरच्या ‘प्रो’ला 580. यातल्या 230चा भिंतीतल्या 230शी काहीही संबंध नाही. ‘नॉर्मल’ प्लगला 6 पिना असतात, ‘प्रो’ला 5. त्यामुळे ‘नॉर्मल’ प्लग ‘प्रो’ सॉकेटमध्ये बसत नाही. मधली पिन कापून तो बसवला तर पडदा जाळीला चिकटू शकतो, ठिणगीही पडू शकते.

3. सिग्नलचं : हे काहीशे व्होल्टपर्यंत जातं. म्हणूनच खास ॲम्प्लिफायर किंवा स्पीकरच्या ॲम्प्लिफायरला जोडायचा ट्रान्सफॉर्मर बॉक्स लागतो.

घेताना काय पाहाल?

विक्रेत्याला अर्धा तास हेडफोन चालू ठेवून मोनो रेकॉर्डिंग ऐकायला सांगा. गायकाचा आवाज हळूहळू एका कानाकडे सरकत असेल, तर दुसऱ्या बाजूचा पडदा थकला असण्याची शक्यता असते. खात्रीसाठी मशीनच्या इनपुटच्या डाव्या-उजव्या वायर अदलाबदल करायला लावा. तरीही तोच कान बारीक राहिला, तर दोष हेडफोनमध्ये किंवा मशीनमध्ये आहे. कानावर दाबताना होणारा हलका चुरचुर आवाज मात्र बऱ्याचदा पडद्याच्या हालचालीचा असतो. तेवढ्यावरून व्यवहार मोडू नका.

हवामानाचाही परिणाम होतो. पर्जन्यछायेतल्या नगर, पाथर्डी, कर्जत भागात धूळ हा मोठा शत्रू. भंडारदरा परिसरात पावसाळ्यातली दमट हवा प्रभार टिकू देत नाही. वापर झाला की हेडफोन झाकून, कोरड्या जागी ठेवा.

बदल करताना कुठे थांबाल?

झिजलेले इअरपॅड बदलणं, हेडबँड दुरुस्त करणं घरी जमतं. मशीनचं झाकण उघडण्याआधी मात्र विचार करा. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा प्रभार राहू शकतो. बायसच्या मार्गात मेगाओहमचा रोधक असतो. धक्का बसलाच तर प्रवाह अगदी कमी राहतो तो त्याच्यामुळे. ‘आवाज वाढेल’ म्हणून तो काढू नका. सिग्नलच्या तारांना हे संरक्षण नसतं, त्यामुळे सोललेल्या केबलला टेप गुंडाळून वापरू नका. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधता येतील, पण काम हाय-व्होल्टेजचा सराव असलेल्याकडेच द्या.

विकताना काय सांगाल?

बायस किती, मशीन किती व्होल्टचं, कोणते भाग बदलले, हे जाहिरातीतच लिहा. काढलेले मूळ भाग जपून ठेवा आणि सोबत द्या. पडदा फाटला तर जुन्या मॉडेलचा नवा मिळणं अवघड असतं. तुम्ही लपवलेला बदल पुढच्या मालकाच्या हातात धोका बनून जातो.