परवान्याची अडत

लोणंदच्या कांदा बाजारात हातात पट्टी पडली की शेतकरी आधी खालचे आकडे वाचतो. हमाली, तोलाई, आणि पूर्वी अडतही. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळे-भाजीपाला, कांदा-बटाट्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली, तेव्हा व्यापाऱ्यांनी ठिकठिकाणी लिलाव बंद पाडले. विकणाऱ्यानेच दलालीही द्यायची का, हा वाद आपल्याला चांगला ठाऊक आहे. परदेशी कामाला जाणाऱ्या माणसाच्या बाबतीतही तोच वाद आहे, पण तिथे कोणी लिलाव बंद पाडत नाही.

गेल्या वर्षी ओळखीतला आयटीआय झालेला एक मुलगा सौदीच्या नोकरीचे कागद घेऊन आला. पगार १,२०० रियाल, म्हणजे साधारण २७,००० रुपये. गावातला मध्यस्थ 'व्हिसा आणि वर्क परमिटचे' म्हणून ९०,००० मागत होता. वडील शेकडा तीनने पैसे काढणार होते, म्हणजे महिन्याला २,७०० नुसते व्याज.

सौदी कामगार कायद्याचे कलम ४० मी त्याला दाखवले. भरतीचा खर्च, इकामा, वर्क परमिट, त्यांचे नूतनीकरण, करार संपल्यावर परतीचे तिकीट, सगळे मालकाकडे. अमिरातीच्या २०२१ च्या कायद्यातही भरतीचा खर्च कामगाराकडून आडवळणानेसुद्धा वसूल करायला बंदी आहे. मग हे ९०,००० कशाचे?

आपल्या १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखालच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत एजंट ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ३५,४०० पर्यंत घेऊ शकतो, तेही पावती देऊन. राहिलेल्या ५४,६०० ना पावती नसते. गावातला मध्यस्थ बहुधा नोंदलेला नसतोच. तो मुंबईच्या एजंटासाठी माणसे जमवतो. कधी तिकडचे मागणीपत्रच विकत घेतलेले असते आणि त्याची किंमत उतरत उतरत कामगारावर येते. शिवाय मुलगा दहावी पास, म्हणून पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्सची अट नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी त्याचा करार तपासणारे सरकारी कार्यालयही नाही. शिकल्याचा हा असा तोटा!

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार भरती एजन्सीने कामगाराकडून शुल्क घेऊच नये असे म्हणतो, थोड्या अपवादांसह. भारताने तो स्वीकारलेला नाही. अमेरिकेच्या एच-१बीला अर्ज मालकाचा आणि मुख्य शुल्केही त्याचीच. पगार जितका कमी, तितका परवाना कामगाराच्या खिशातून, असा हा उलटा हिशेब आहे.

मात्र मालकाने पैसे भरले म्हणजे सगळे मिटले, असेही नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे होती. जहाजभाडे मळेवाल्याचे, त्या बदल्यात काही वर्षांचा करार. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापत. करार संपलेल्यांनाही १८६७ च्या कायद्याने स्वतःच्या फोटोचे तिकीट जवळ बाळगावे लागे. ते नसलेला माणूस पकडला जाई. आपल्याकडच्या ऊसतोड टोळीची उचल याच जातीची. पैसे आधी मिळतात, पण हंगामभर मुकादमाला सोडता येत नाही.

म्हणून माझ्या मते खर्च मालकानेच करावा, आणि कामगार सोडून गेला तरी तो त्याच्याकडून वळता करू नये. सौदीने मार्च २०२१ पासून, वर्षभर काम केल्यावर मालकाच्या संमतीविना नोकरी बदलायची मुभा दिली. घरकामगार, खासगी ड्रायव्हर, माळी आणि मेंढपाळ त्यातून वगळले. आमच्या भागातल्या धनगरवाड्यांना यातला शेवटचा शब्द वेगळा समजवावा लागणार नाही.

मी मुलाला एवढेच सांगितले की एजंटाचा नोंदणी क्रमांक आणि ३५,४०० ची पावती माग. त्याने फोनवर मागितली. मध्यस्थ म्हणाला, कळवतो. आठवड्याने त्याच जागेवर शेजारच्या गावातला दुसरा मुलगा गेला, पूर्ण ९०,००० भरून.