घोडीची सोनोग्राफी : चौदावा दिवस चुकवू नका



ऊस विकास विभागाने घोडीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण ऊसनोंदीच्या निमित्ताने आम्ही गावोगाव फिरतो, लागण-खोडव्याचे बोलणे संपले की गोठ्याकडे नजर जाते आणि काही गोठ्यांत बैलजोडीशेजारी एखादी मारवाडी नाहीतर काठेवाडी घोडी उभी दिसते. कुणी अकलूजच्या घोडेबाजारातून आणलेली, कुणी थेट सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून. मग प्रश्न ठरलेला : "साहेब, घोडा दाखवून तीन महिने झाले, आता मशीनवर तपासून घ्यावी का?"

घ्यावी, त्यात नुकसान काहीच नाही. पण तीन महिने थांबल्यावर मशीन फक्त 'गाभण आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगते. घोडीच्या बाबतीत या यंत्राचा खरा उपयोग चौदाव्या-पंधराव्या दिवशी असतो. तो दिवस गेला की जी गोष्ट दोन मिनिटांत निस्तरता आली असती ती पुढे निस्तरता येत नाही. ही गोष्ट म्हणजे जुळे.

गाईला जुळे झाले तर आपण पेढे वाटतो. घोडीचे तसे नाही. घोडीची वार (आपण जार म्हणतो ती) गर्भाशयाच्या संपूर्ण आतल्या अंगाला चिकटलेली असते आणि एका शिंगराला तेवढी सगळी जागा लागते. दोन गर्भ असले की जागा वाटली जाते, दोघांनाही पोषण अपुरे पडते. एका सरीत दाट बेणे लावल्यावर काय होते ते आपणांस सांगायला नको. बहुतेक जुळी सातव्या ते नवव्या महिन्यात गाभडतात. दोन्ही जिवंत जन्मून नीट वाढली असे उदाहरण विरळा. घोडी सुमारे अकरा महिने म्हणजे ३४० दिवस गाभण राहते. आठ महिने खुराक घातल्यावर दोन मेलेली शिंगरे हाती येतात, वर्ष वाया जाते, आणि घोडीच्या जिवालाही धोका असतो. दिवस भरायच्या बरेच आधी कासेत दूध उतरू लागले तर लोक खूष होतात. प्रत्यक्षात ती बहुधा धोक्याची खूण असते.

पूर्वी यावर इलाज नव्हता. डॉक्टर हात घालून तपासत, पण दोन गर्भ शेजारी-शेजारी असले तर हाताला एकच लागे. रक्ताची तपासणीही होती, मात्र ती साधारण चाळीस दिवसांनंतरची, आणि गर्भ मेला तरी काही काळ 'गाभण' असेच दाखवायची. १९८० मध्ये फ्रान्समधील पामर आणि ड्रियानकूर या दोघांनी घोडीच्या गर्भाशयाची अशी ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. गिंथर यांनी गर्भ पहिल्या दिवसांत काय करतो ते मशीनवर पाहून सविस्तर मांडले. पुण्याकडच्या रेसच्या घोड्यांच्या स्टड फार्मांना यात नवे काही नाही; आपल्याकडे मात्र ही माहिती अजून पोहोचायची आहे.

यंत्राचे काम सोपे आहे. हातात मावणारा प्रोब गुदमार्गातून आत नेतात. तो सेकंदाला पन्नास लाखांच्या आसपास कंपने असलेला आवाज सोडतो, जो आपल्या कानाला ऐकू येत नाही, आणि परत आलेल्या प्रतिध्वनीतून पडद्यावर चित्र उमटते. पाणी काळे दिसते, हाड पांढरे. यात क्ष-किरण नाहीत, तेव्हा गर्भाला इजा होईल ही भीती मनातून काढून टाकावी. भीती बाळगायचीच तर ती आडदांडपणे हात घालण्याची बाळगावी. घोडीचे गुदद्वार गाईपेक्षा नाजूक असते, आतून फाटले तर घोडी दगावू शकते. म्हणून घोडी खोड्यात नीट धरलेली हवी आणि हात घोड्यांची सवय असलेल्या डॉक्टरांचाच हवा. गाईम्हशी तपासणारा प्रत्येक जण घोडी तपासू शकतो असे समजू नये.

आता चौदावा दिवसच का? बीज सुटल्यापासून चौदाव्या दिवशी गर्भाची पिशवी दीड सेंटिमीटरच्या आसपास असते, गोल आणि काळीभोर, द्राक्षाच्या मण्यासारखी. सोळाव्या दिवसापर्यंत ती एका जागी ठरत नाही, गर्भाशयाच्या एका शिंगातून दुसऱ्यात फिरत राहते. याच फिरत्या अवस्थेत दोन पिशव्या दिसल्या तर डॉक्टर त्यांतली एक शिंगाच्या टोकाला सरकवून दाबून फोडतात, दुसरी वाढत राहते. सरावलेल्या हाताने केले तर दहातील नऊ घोड्यांत हे साधते. सोळा-सतरा दिवसांनी पिशव्या एका जागी रुतल्या, त्यातही एकमेकींना चिकटून रुतल्या, की एक फोडताना दुसरीही जाण्याची भीती असते. कधी अशा जोडीतला एक गर्भ आपोआप जिरतो हे खरे, पण दोन गर्भ दोन वेगवेगळ्या शिंगांत ठरले असतील तर ती आशा जवळजवळ सोडून द्यावी.

पस्तीस दिवसांनंतर आणखी एक अडचण येते. गर्भाशयात एक विशिष्ट ग्रंथी तयार होते. मग गर्भ काढला तरी ती ग्रंथी जिरेपर्यंत, म्हणजे चौथा महिना उलटेपर्यंत, घोडी नीट माजावर येत नाही आणि तो हंगाम गेलाच समजावा.

एका तपासणीवर थांबू नये. दुसरे बीज एक-दोन दिवस उशिरा सुटलेले असेल तर ती पिशवी इतकी लहान असते की नजरेतून सुटते. म्हणून दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. वयस्क घोडीच्या गर्भाशयात पाण्याच्या गाठीही असतात व त्या हुबेहूब गर्भासारख्या दिसतात. गाठ जागची हलत नाही, गर्भ हलतो, एवढ्यावरून डॉक्टर ओळखतात. घोडा दाखवण्याआधीच एकदा मशीन लावून गाठींची नोंद केली असेल तर घोटाळाच होत नाही. पुढे पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाचे काळीज धडधडताना दिसते. अठ्ठाविसाव्या-तिसाव्या दिवशी ते पाहून घ्यावे, आणि साठाव्या दिवशी आणखी एकदा, कारण सुरुवातीचे काही गर्भ मधल्या काळात जिरून जातात.

सातव्या महिन्यानंतर हेच यंत्र वारेची जाडी मोजायला उपयोगी पडते. गर्भाशयाची भिंत आणि वार मिळून २७० दिवसांपर्यंत ७ मिलिमीटरच्या आत हवी. त्याहून जाड भरली तर वारेला सूज असल्याचा संशय घेऊन वेळीच उपचार सुरू करता येतात. अंगावरून स्राव जात असेल तर ही तपासणी टाळू नये.

बाजारात 'गाभण' म्हणून घोडी घेताना विक्रेत्याच्या शब्दावर न जाता मशीन लावूनच पैसे मोजावेत. गाभण आहे का आणि गर्भ जिवंत आहे का, हे तेव्हाही कळते. महिने किती झाले याचा मात्र अंदाजच मिळतो, तेव्हा घोडा दाखवल्याची लेखी तारीख मागावी.

आपल्याकडची अडचण तारखेचीच आहे. माज पाच ते सात दिवस चालतो आणि बीज माजाच्या शेवटी, माज ओसरण्याआधी एक-दोन दिवस सुटते. म्हणून घोडा जितक्या वेळा दाखवला तितक्या सगळ्या तारखा कॅलेंडरवर लिहाव्यात आणि शेवटच्या तारखेपासून तेरा-चौदा दिवसांनी डॉक्टर बोलवावेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारावे. तिथे सोय नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे चौकशी करावी. घोडी व्याल्यावर सात ते दहा दिवसांत पुन्हा माजावर येते. त्याच माजावर घोडा दाखवायचा विचार असेल तर डॉक्टरांना घोडी व्यायच्या आधीच सांगून ठेवावे.