चेहऱ्याचा अस्थिभंग आणि सी. टी. स्कॅन

पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांत म्हशाची यात्रा भरते. दूरदूरचे शेतकरी बैलांच्या खरेदी-विक्रीसाठीं तेथें येतात. अशा गर्दींत एखाद्या बैलाच्या शिंगाचा तडाखा कोणाच्या गालावर बसला, किंवा परततांना मोटारसायकल घसरून कोणी तोंडावर आपटला, तर थोड्याच वेळांत त्याचा चेहरा सुजतो. डोळा मिटतो, गाल फुगतो. आणि आंत कोणतें हाड मोडलें आहे, हें त्या सुजेआड दडून राहतें.

१८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधून काढले, तेव्हांपासून शरीरांतील हाडें बाहेरून दिसूं लागलीं. हातापायांचीं लांब हाडें या किरणांनीं नीट दिसतात. चेहऱ्याची गोष्ट निराळी आहे. तेथें अनेक हाडें एकमेकांस सांधलेलीं असून कांहीं अगदीं कागदासारखीं पातळ असतात. साध्या क्ष-किरणचित्रांत पुढच्यामागच्या हाडांच्या छाया एकावर एक पडतात, व डोळ्याच्या खोबणीचा मोडलेला तळ नजरेंतून सुटूं शकतो.

ही अडचण सी. टी. स्कॅननें दूर केली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें १९७१ सालीं लंडन येथें प्रथम एका रुग्णाच्या मेंदूचें चित्र घेतलें. त्यांना व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. या यंत्रांत किरणांची नळी रोग्याभोंवतीं फिरते. शरीरांतून किती किरण पार आले याचें मोजमाप होतें, आणि त्यावरून संगणक चित्र रचतो. काकडी न कापतां तिच्या चकत्या पाहाव्या, तसाच हा प्रकार. चेहऱ्यासाठीं या चकत्या सुमारें एक मिलिमीटर किंवा त्याहूनहि पातळ घेतात. त्यांवरून उभे छेदहि मांडतां येतात. १९०१ सालीं फ्रेंच शल्यवैद्य रने ल फोर यांनीं प्रेतांच्या डोक्यांवर आघात करून, वरचा जबडा ज्या तीन मुख्य रेषांवर मोडतो त्या दाखवून दिल्या. त्याच रेषा आज जिवंत रोग्यांत कांहीं क्षणांत पाहतां येतात.

तथापि या यंत्राचा क्रम पहिला नव्हे. त्यांत रोग्यास उताणें निजवावें लागतें. खालचा जबडा मोडला असल्यास त्या स्थितींत जीभ मागें पडून किंवा रक्त घशांत उतरून श्वास कोंडूं शकतो. म्हणून वैद्य आधीं श्वासमार्ग निर्वेध करतात, रक्तस्राव आवरतात, मान स्थिर ठेवतात, आणि मगच रोग्यास यंत्राकडे नेतात. गरज असल्यास मेंदू व मान यांचीहि तपासणी त्याच वेळीं होते.

प्रत्येक मुका मार यंत्रापर्यंत न्यावा, असेंहि नाहीं. नुसतें नाक मोडलें असेल तर बहुधा हातांनीं तपासणें पुरतें. किरणांची मात्रा विनाकारण घेऊं नये, मुलांनीं तर मुळींच नाहीं. परंतु एकाचे दोन दिसणें, गाल बधिर होणें, दांतावर दांत न बसणें, नाकांतून पाण्यासारखा द्रव गळणें, हीं लक्षणें दिसतांच विलंब करूं नये. मुलाचा डोळा वर फिरेनासा होऊन त्यास वांत्या होत असतील, तर मोडलेल्या हाडाच्या फटींत डोळ्याचा स्नायु अडकल्याचा संभव असतो. तेथें तासांचा हिशेब असतो. अशा रोग्यानें नाक शिंकरूं नये.

म्हशासारख्या गांवाहून मोठ्या रुग्णालयाची वाट लांबची. त्या वाटेवर हाडापेक्षां श्वास सांभाळणें अधिक अगत्याचें. मोडलेलें हाड यंत्र मागाहूनहि दाखवील.