फॉइल पत्र्याखाली लावावी की माळ्यावर अंथरावी?

मे महिन्यातली विदर्भातली दुपार. गंजका पत्रा ६५ अंशांवर आणि त्याखालच्या प्लायवूडच्या सीलिंगची वरची बाजू ३५ अंशांवर आहे, असं धरू. निव्वळ प्रारणाने पत्र्याकडून सीलिंगकडे येणारी उष्णता चौरस मीटरला सुमारे १९० वॅट भरते. १० बाय १२ फुटांच्या खोलीवर ती २,१०० वॅट, म्हणजे डोक्यावर दिवसाढवळ्या हीटर लावल्यासारखंच. हवेचा हातभार त्यात थोडाच, कारण तापलेली हवा वर पत्र्यालाच चिकटून राहते.

गंजक्या पत्र्याची किंवा लाकडाची उत्सर्जकता (प्रारणाने उष्णता सोडण्याची आणि शोषण्याची क्षमता) ०.९ च्या आसपास असते, स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलची ०.०५. सीलिंगवर फॉइल अंथरली की तापमानं तीच धरून १९० चे ११ वॅट होतात. मिस्त्रीलाही हेच सोपं पडतं: वर चढायचं, गुंडाळी उलगडायची, संपलं. पण माळ्यावर धूळ येतेच, शिवाय उंदीर आणि पाखरांची घाण. धुळीमुळे उत्सर्जकता ०.५ वर गेली, तर तोच आकडा ११० वॅटच्या घरात जातो. निम्म्याहून जास्त उष्णता परत आली.

म्हणून माझं मत वाशांच्या खालच्या अंगाला, चकचकीत बाजू खाली करून लावण्याचं. चमक उन्हाकडे हवी, असं अनेकांना वाटतं. पण तापलेली फॉइलसुद्धा खाली फारच कमी उष्णता सोडते, आणि खालच्या बाजूवर धूळ बसत नाही. अट एकच: चकचकीत बाजूसमोर निदान इंचभर मोकळी हवा हवी. पत्रा आणि प्लायच्या मध्ये दाबून बसवलेल्या फॉइलचा फायदा जवळजवळ शून्य. (बबल शीटमध्ये थोडा रोध मिळतो, तो बुडबुड्यांमुळे.)

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मते उष्ण प्रदेशात ॲटिकमधल्या अशा फॉइलने थंडाव्याचा खर्च ५ ते १० टक्के वाचतो. आकडा लहान वाटेल, पण तिथल्या ॲटिकच्या जमिनीवर बहुधा फायबरचा जाड थर आधीच असतो. आपल्या पत्र्याखाली तसं काहीच नसतं, त्यामुळे इथे फरक जास्त पडायला हवा.

फॉइलमधून वीज वाहते. माळ्यावर वायरींचे उघडे जोड असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून ते डब्यात बंद करून घ्या.