माळ्यावरची स्कॉच : वय कसे ओळखावे, मोल किती?

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात बंद घरे उघडली जातात ती बहुधा दोन कारणांनी. एक चतुर्थी आणि दुसरे वाटणी. माळा झाडताना तांब्या-पितळेच्या भांड्यांमागून कधी एखादी धुळीने माखलेली चौकोनी बाटली निघते. आत तांबूस मद्य, लेबलावर काठी घेऊन चालणारा टोपीवाला. 'आजोबा बोटीवर होते, तेव्हाची' एवढाच तिचा इतिहास घरात ठाऊक असतो. त्यानंतर तिचे छायाचित्र मोबाइलवरून मुंबईच्या नातलगांपर्यंत पोहोचते आणि कुणाला तरी परदेशातील लिलावाची बातमी आठवते. मग ज्या बाटलीकडे चाळीस वर्षे कुणी ढुंकूनही पाहिले नव्हते, तिच्यावर सारी भावकी हक्क सांगू लागते.

लिलावाची ती बातमी खरीच असते. लंडनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये १९२६ सालच्या 'मॅकॅलन'च्या एका बाटलीला २१ लाख पौंडांहून अधिक किंमत मिळाली. परंतु ती सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत केवळ माल्ट केलेल्या बार्लीपासून गाळलेली व्हिस्की होती, आणि त्या पिंपातून मोजक्याच बाटल्या निघाल्या होत्या. कोकणातील माळ्यांवर सापडते ती ब्लेंडेड, म्हणजे अनेक भट्ट्यांची माल्ट व्हिस्की आणि अन्य धान्यांची ग्रेन व्हिस्की यांचे मिश्रण. जॉनी वॉकर किंवा व्हॅट ६९ यांसारख्या ब्लेंडच्या बाटल्या दरवर्षी लाखोंनी भरल्या जात. दुर्मीळतेचा प्रश्न येथेच बराचसा निकालात निघतो.

अशी बाटली या किनाऱ्यावर आली कशी, हे पाहिले तरी वयाचा पहिला अंदाज बांधता येतो. १९५० पासून तत्कालीन मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी होती, तर तेरेखोलच्या पलीकडे, पोर्तुगिजांच्या गोव्यात, विलायती माल सहज मिळत असे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत चोरट्या वाटांनी स्कॉच अलीकडे येत राहिली. त्यानंतर ती आणली जहाजांवरच्या खलाशांनी आणि आखातातून परतणाऱ्यांनी. बाटलीबंद स्कॉचची आयात देशात सर्वसाधारणपणे खुली झाली ती एप्रिल २००१ मध्ये. त्याआधीच्या अस्सल परदेशी बाटलीमागे म्हणूनच जहाज, विमानतळ किंवा आडवाट यांपैकी काहीतरी असतेच. सैन्यातून निवृत्त झालेल्यांच्या घरी 'केवळ संरक्षण दलांसाठी' असा शिक्का असलेल्या बाटल्याही सापडतात. पण त्या बहुतांशी देशात बनलेल्या मद्याच्या.

नेमके वय मात्र लेबलच सांगते. मद्याच्या रंगावरून वा वासावरून ते ठरविण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. सर्वांत आधी पाहावे ते मद्यार्काचे प्रमाण. ब्रिटिश लेबलांवर पूर्वी '७० प्रूफ' असे लिहीत; म्हणजे आजचे ४० टक्के. १९८० पासून तेथे टक्केवारी आली. माप 'फ्लुइड औंसा'त दिले असेल, तर बाटली बहुधा त्याहून जुनी. युरोपात १९९० च्या सुमारास ७५ सेंटिलिटरची बाटली ७० वर आली. परंतु भारतात आणि अमेरिकेत ७५० मिलिलिटरचे माप पुढेही चालू राहिले, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून वय ठरवू नये. '७५ प्रूफ' किंवा '४२.८ टक्के' असे असेल तर संशय भारताकडे वळवावा, कारण ते येथील रूढ प्रमाण आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या बाटल्यांवर १९३५ ते १९६४ या काळात, बाटलीची पुनर्विक्री वा पुनर्वापर करण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई असल्याची ओळ काचेतच उठविलेली असे.

राजघराण्याच्या मान्यतेचा मजकूरही बोलका असतो. 'दिवंगत राजे सहावे जॉर्ज' असा उल्लेख असेल, तर बाटली १९५२ च्या आधीची असूच शकत नाही. जॉनी वॉकरच्या टोपीवाल्याने २००० च्या सुमारास आपली चालण्याची दिशा बदलली. पूर्वी तो पाहणाऱ्याच्या डावीकडे जात असे, आता उजवीकडे जातो. बारकोड असेल तर बाटली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधीची नव्हे, आणि 'एफएसएसएआय'चा क्रमांक असेल तर आजोबांची कथा तेथेच संपते.

एक गैरसमज मात्र हटता हटत नाही. व्हिस्की पिंपात मुरते, बाटलीत नव्हे. 'बारा वर्षे' म्हणजे मिश्रणातील सर्वांत तरुण व्हिस्कीने पिंपात काढलेली किमान वर्षे. अशी बाटली माळ्यावर चाळीस वर्षे राहिली तरी ती बावन्न वर्षांची होत नाही. उलट कोकणात तिची झीजच होते. कौलांखालच्या वैशाखातील उष्म्याने मद्य प्रसरण पावते, बूच सैल पडते, पातळी खांद्याखाली उतरते. लेबल कसर खाते, उरलेले पावसाळ्यातील दमट हवेने सुटते. आडवी ठेवलेली बाटली तर आणखी बिघडते, कारण मद्यार्क बुचाला कुरतडतो. खरेदीदार नेमकी पातळी, बूच आणि लेबल हेच पाहतो. म्हणजे जुनेपणा सिद्ध करणाऱ्या गोष्टीच माळ्यावर आधी नष्ट होतात.

मग मोल किती? १९७० वा ८० च्या दशकातील सर्वसाधारण ब्लेंड ब्रिटनमधील लिलावांत बहुधा शंभर पौंडांच्या आतच जातो. भाव चढतो तो कथेमुळे; मात्र ती सिद्ध करता यावी लागते. १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या एरिस्के बेटाजवळ 'एस. एस. पॉलिटिशियन' हे जहाज खडकावर आदळले. त्यात दोन लाखांहून अधिक बाटल्या होत्या. त्यांपैकी दोन बाटल्यांना २०१३ मध्ये १२ हजार पौंडांहून अधिक मिळाले. मद्य साधेच होते; पैसे मोजले गेले ते जहाजासाठी. 'आजोबा बोटीवर होते' ही कथाही तशीच, फक्त तिच्यामागे कागद नसतो.

जेथे कथा विकली जाते तेथे बनावट आलीच. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका हॉटेलात '१८७८ ची मॅकॅलन' म्हणून एका पेल्याला सुमारे दहा हजार फ्रँक मोजले गेले. तपासणीत ती १९७० ते ७२ दरम्यानची, आणि गंमत म्हणजे ब्लेंडेड व्हिस्की निघाली. पन्नास-साठच्या दशकांतील अणुचाचण्यांनी हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला, तो बार्लीत उतरला. त्यावरून असे वय काढता येते. २०१८ मध्ये स्कॉटलंडमधील प्रयोगशाळेने तपासलेल्या ५५ दुर्मीळ बाटल्यांपैकी २१ बनावट ठरल्या. आपल्याकडे उद्योग याहून स्वस्तातला. भारी नावाची रिकामी बाटली भंगारातून उचलायची आणि हलक्या मद्याने भरायची. झाकणाची कडी तुटलेली असेल, तर आतील मद्याविषयी लेबलाची साक्ष ग्राह्य धरू नये.

आणि विकायचे ठरविलेच, तर कोठे? महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार मद्य बाळगण्यास परवाना लागतो आणि विक्रीस अनुज्ञप्ती. वारशाने आलेली बाटली शेजाऱ्याला विकणे हाही गुन्हाच. गोवा बनावटीच्या दारूसाठी इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या अडविणाऱ्या राज्य उत्पादन शुल्क विभागाला हे निराळे सांगावे लागत नाही. परदेशी लिलावगृहाला बाटली प्रत्यक्ष हातात हवी असते आणि मद्य टपालाने धाडता येत नाही.

त्यामुळे बहुतेक बाटल्या पुन्हा फडताळात जातात. काहींची वाट त्याआधीच लागलेली असते. गावच्या राखणदाराला कोंबड्यासोबत बाटली द्यायची रीत आहे आणि तो लेबल वाचत नाही.