सीतेच्या वेणीला माती नको

पेडण्याला आजोळी आंब्याची फांदी मोडली, तिच्यावरची मंद वासाची सीतेची वेणी आजीने मला दिली. डिचोलीच्या फ्लॅटमध्ये मी ती नारळाच्या सोडणांत ठासून लावली. जुलैत अर्धी मुळं कुजली. हे ऑर्किड झाडाच्या सालीवर वाढतं. मुळांवरचं पांढरं आवरण पाणी झटकन शोषतं, पण त्याला वाराही लागतो. सोडण ओल धरून ठेवतं, आमच्या पावसात तेच नडतं. (मातीत लावणारेही भेटले, त्यांना काय सांगणार!) कुजकी मुळं छाटली आणि भोकांच्या कुंडीत लाकडी कोळशाचे, विटेचे अंगठ्याएवढे तुकडे सैल भरले. उन्हाळ्यात मात्र रोज पाणी हवं. परवा एका मुळाला हिरवं टोक फुटलं. आजीला फोटो पाठवला. "फुलं आली की दाखव," म्हणाली.